काडीमोड

माराचं कासाबाईला काही वाटेनासं झालं होतं. तिला भीती होती ती एका शब्दाची. मारून हात दुखायला लागला की भुजंग म्हणायचा, "पंचापुढं काडी मोडतो अन् माहेरी हाकलतो तुला." तेवढं ऐकलं की ती नवऱ्याचे पाय धरायची.

त्या दिवशी लांडग्यानं कोकरू नेलं. भुजंगनं मेंढ्या हाकायची काठी उचलली आणि तोंडातून रक्त येईस्तोवर तिला हाणलं. "आज काडी मोडतोच तुझी," तो म्हणाला. ती सवयीनं पाय धरायला वाकली, तसा पाठीवर शेवटचा तडाखा बसला आणि काठीचे दोन तुकडे झाले.

कासाबाईनं पाय धरले नाहीत. तिनं दोन्ही तुकडे उचलले आणि ती पाराकडं चालू लागली. तालुक्याला दंगल झाल्यानं यष्टी बंद होती, म्हणून बाजाराला निघालेले पंच दुपारचे पारावरच बसलेले. मागून भुजंग शिव्या देत आला. तिनं तुकडे पंचांतल्या म्हाताऱ्या येडबापुढं ठेवले.

"काडीमोड झाली, मामा."

येडबानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "यडी का काय तू? बाईनं काडी मोडायची नस्ती. नवऱ्यानं मोडायची अस्ती."

कासाबाई पंचांकडं पाठ करून उभी राहिली. पाठीवरचा रक्तानं चिकटलेला पदर तिनं ओढून काढला.

"त्यानंच मोडलीय."