पाठीला पाठ

पॅकिंग खात्यात माणशी एकेक स्टूल आलं, तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या. उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायला द्या, असा कायदा झाला होता. इथल्या दोघी जावांपैकी थोरलीनं त्यासाठी पहिला अर्ज केला होता आणि बोलणीही खाल्ली होती. तोवर दोघींनी तोड काढली होती: दोन टेबलांमध्ये पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि आळीपाळीनं एकीनं दुसरीवर रेलायचं. “टेक गं, मी आहे,” थोरली म्हणायची. चौदा वर्षं अशी निभावली. गेल्या महिन्यात थोरली उभ्याउभ्या कोसळली, ती गेलीच. “बसा आता, हक्काचं आहे,” मुकादम म्हणाला. धाकटी बसली. पाय सुखावले, डोळे मिटले, आणि सवयीनं ती मागे रेलली. पडता पडता तिनं टेबल धरलं. “बसायची सवयच नाही बाईला!” बायका हसल्या. धाकटीनं स्टूल थोरलीच्या रिकाम्या जागेवर सरकवलं.