खिडकीतला म्हातारा

जरा सरकून जवळ बसा. गोष्ट एका काचेची आहे आणि दोन हट्टी माणसांची.

आमच्या गावच्या फोटोवाल्या राग्नाने गरम सोड्याच्या पाण्यातून फोटोची काच काढली आणि तिच्यावर सुरी टेकवली. "ही ओलीना, दीपगृहवाल्याची लेक. लग्नाच्या दिवशी." चार फटक्यांत नवरी गेली, नवरा गेला, दारातला बर्फही गेला. "दे पुढची."

इसाकने पुढची काच दिली. इसाक आमच्या गावचा उपदेशक. आठवडाभर कॉड मासे धरायचा आणि रविवारी प्रार्थनाघरात उपदेश गायचा. हो, गायचा. देवाचं नाव त्याच्या गळ्यातून निघालं की दगडालाही पाझर फुटावा. पण आदल्या हिवाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा एडवीन होडीसकट बुडाला. प्रेतही सापडलं नाही. तेव्हापासून इसाकचा सूर गेला. आता तो उपदेश नुसता वाचल्यासारखा सांगायचा.

नोव्हेंबरच्या वादळात किनाऱ्यावरची निम्मी घरं पडली. माणसं प्रार्थनाघरात राहायला आली, तर तिथल्याही खिडक्या फुटलेल्या. पोरं खोकत होती. आमच्याकडे, पार उत्तरेच्या टोकाला, झाड म्हणून उगवत नाही. होत्या नव्हत्या त्या फळ्या छपरांना लागल्या होत्या. काच घेऊन आगबोट कधी येईल, ते देवालाच ठाऊक. गावात काच होती ती एकट्या राग्नाकडे. वीस-बावीस वर्षं तिने गावाचे फोटो काढले, त्या काचा. छापलेले फोटो आणि फोटो छापायचा कोरा कागद वादळात भिजून लगदा झाला होता. गावाचे चेहरे उरले होते ते या काचांवरच, आणि तेही उलटे, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तरी ती आपणहून म्हणाली, "घ्या."

इसाकची एकच अट होती. चित्रं म्हणजे मिरवणं, असं तो आधीपासूनच म्हणायचा. "देवाच्या घरात माणसांची तोंडं नकोत. सगळ्या काचा कोऱ्या पाहिजेत."

"तोंडं चालत नाहीत, तर देवानं घडवली कशाला?" राग्ना खरवडता खरवडता म्हणाली.

"जीभ आवर आणि हात चालव."

"हातच चालवतेय की. जीभ चालवायला तू आहेस."

गळांना आमिष लावणाऱ्या बायका गेल्या. आगबोटीतून दोरांनी उतरवलेला घोडा गेला, त्याला बघायला धक्क्यावर जमलेला सगळा गाव गेला. खरवडण्याआधी राग्ना प्रत्येकाचं नाव घेई. डोळ्यांतून तिने टिपूस काढलं नाही.

शेवटी एका चौकटीपुरती काच कमी पडली.

"ती कुणाची?" इसाकने फळीवरच्या फडक्यातल्या काचेकडे बोट दाखवलं.

"ती मिळायची नाही."

"नवऱ्याची वाटतं?"

"माझ्या नवऱ्याला मघाशीच खरवडला. तूच तर हातात दिलास."

"राग्ना, त्या चौकटीखाली मारितआजीची नात निजलीय. तापानं फणफणलीय पोर."

राग्नाने फडक्यासकट काच त्याच्या हातात ठेवली. "घे. पण खरवड तू. माझा हात उचलत नाही."

इसाकने काच कंदिलासमोर धरली. पांढऱ्याशुभ्र केसांचा एक म्हातारा त्याच्याकडे बघून हसत होता. चेहरा काळवंडलेला, जन्मभर खारा वारा खाल्लेला. कान बाहेर आलेले.

"अगं, हा तर माझा बाप! तू गावात येण्याआधीच गेला तो. त्याचा फोटो तू कुठून..."

"नीट बघ, इसाक. काचेवर सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात."

इसाकने नीट बघितलं. स्वेटरवरची नक्षी त्याच्या बायकोने विणलेली होती.

"होडीवर जायच्या आदल्या दिवशी आला होता," राग्ना म्हणाली. "म्हणाला, बाबाला सांगू नकोस, परत आलो की आईला देईन. तो गेल्यावर मी तुझ्या दारात आले होते. चित्राचं बोलायचं असेल तर उंबरा ओलांडू नकोस, म्हणालास."

खरवडलेल्या काचांची चळत समोर होती. तिच्याकडे इसाकने एकदा बघितलं आणि खाली मान घातली. मग एका हातात काच आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन तो वाऱ्यात चालता झाला. शेवटची चौकट त्याने एकट्याने बसवली.

जानेवारी सरता सरता, हिवाळ्यात दोन महिने न उगवलेला सूर्य डोंगराआडून परत आला. गाव प्रार्थनाघरात जमला. इसाक उभा राहिला आणि त्या दिवशी त्याला सूर सापडला. तो गायला लागला. दीपगृहवाल्याची ओलीना, आमिष लावणाऱ्या बायका, राग्नाचा नवरा. खरवडलेल्या एकेकाचं नाव त्याने देवापुढे गाऊन घेतलं. शेवटच्या बाकावर राग्ना ओठ हलवत पडताळून बघत होती. एकही नाव सुटलं नाही. आता मात्र तिला रडू आवरेना.

कोऱ्या काचांतून ऊन आत सांडलं होतं. एकाच चौकटीत ते अडखळत होतं. मारितआजी ओलं फडकं घेऊन बाकावर चढली.

"अगंबाई, ही एकच काच कशी मळकी राहिली?"

"राहू दे, आजी," इसाक म्हणाला. "माझा एडवीन म्हातारा झालाय. बसू दे त्याला उन्हात."

बाबांनो, उन्हाला बसलेला कुणी म्हातारा दिसला, तर आमच्या एडवीनची आठवण काढा.