चित्राला हार

निशिगंधा दिवसभर यवतमाळात एकटीच हिंडली. दत्त चौक, आझाद मैदान, मनाला येईल तिथं. तिचे आजोबा, आबा, नुकतेच दवाखान्यातून दिग्रसला घरी आले होते, त्यामुळे सोबत कोणी नव्हतं. दुपारी तिचा फोनही बंद पडला. संध्याकाळी ती कलादालनात शिरली आणि जागीच थिजली. प्रदर्शनात लावलेल्या, तिनंच काढलेल्या आबांच्या चित्राला झेंडूचा ताजा हार घातलेला होता.

"काका, हा हार कोणी घातला?" तिनं दारावरच्या रखवालदाराला विचारलं.

"माही पाळी आत्ताच लागली, बाई. दुपारचा गडी सांगत होता, चित्र काढणाऱ्या पोरीच्या घरचं कोणी आलतं. डोळे पुसत पुसत हार घातला म्हणे."

घरचे दिवसभर फोन लावत असतील आणि आपण इथं मजेत हिंडत होतो! आबांचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. रडतच ती दाराकडे धावली.



बाहेर पायरीवर आबा नुकतीच आणलेली भजी खात बसले होते. "कुठं हिंडून राह्यली व माय? तुह्या गळ्यात घालाले हार आणलाता. तू दिसली नाही, मंग घातला मह्याच गळ्यात!"