पांढरी की निळी

"पांढरी एका चार्जमध्ये साडेचारशे जाते, निळी जेमतेम तीनशे," सुनिल म्हणाला. "फास्ट चार्जरला पांढरी चहा पिऊन होईस्तवर भरते. निळीला अख्खी दुपार लागते. युनिटमागं किलोमीटर बघशील तरी पांढरीच पुढं. आता बोल."

शोरूममधल्या दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांभोवती शीतलने आणखी एक फेरी मारली. "निळीच घेऊ."

"का गो?"

"पांढरीवर डाग दिसतात."

शहापूरची धूळ निळीवरही दिसणारच होती, हे तिलाही कळत होतं. पण खरं कारण नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. तिला वाटेत दम टाकणारी आणि मग दुपारभर जागची न हलणारी गाडीच हवी होती. धसईला तिच्या धाकट्या भावाने, धनेशने, आपल्या भाताच्या गिरणीत चार्जर बसवला होता. त्या बाजूला तेवढा एकच.

आणि गिरणीमागच्या तिच्या माहेरच्या घरात सुनिलने दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

शीतलची धाकटी बहीण हिरी, तिच्या लग्नातली गोष्ट. मांडवात सगळ्या पाहुण्यांना मानाची टॉवेल-टोपी मिळाली आणि थोरल्या जावयाचंच नाव राहिलं. "घरच्या माणसाला कसला मान?" धनेश हसत बोलून गेला आणि सुनिल भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून अबोला. एक माफी मागेना, दुसरा माघार घेईना. दोघेही ताठ, आणि मधल्यामध्ये शीतलचं माहेर तुटलं.

आता धनेशला मुलगी झाली होती. "ताई, नाव तुमीच ठेवायचं. आत्या नाय तर पाळणा नाय," भावजय माधुरीने फोनवर बजावलं होतं. सुनिल म्हणे, "तू जा की, मी कुठं अडवतो?" पण नवऱ्याला मागे ठेवून पाळण्यापाशी उभं राहायचं आणि साऱ्या गावाला त्याचं कारण सांगत बसायचं, हे तिच्याने होणार नव्हतं.

सुनिल कितीतरी दिवस फोनवर चार्जरचे नकाशे बघत, आकड्यांचा कीस पाडत बसला होता. तो सहजासहजी ऐकायचा नाही, अशी तिला धास्ती होती. पण त्याने तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि "बरं, निळी तर निळी," म्हणून विषय संपवला. शीतलचा जीव भांड्यात पडला.

गाडी घरी आली तेव्हा बारसं तोंडावर आलं होतं. गुरुवारी टोकावड्याला नणंदेला, भिमीला, गाडी दाखवायला जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी शीतलने गाडी चार्ज होत असताना भिंतीवरचं बटण गुपचूप बंद केलं. चोरी केल्यासारखं वाटलं तिला, पण बटण तिने पुन्हा लावलं नाही.

सकाळी ती उठली तेव्हा सुनिल आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडी पुसत होता. पेढ्यांचे दोन पुडे त्याने डिकीत ठेवले. या गाडीला काटेबिटे नव्हते, सगळं मधल्या मोठ्या स्क्रीनवर. "ऊन चमकतंय," म्हणत त्याने स्क्रीनवर टॉवेल टाकला. चार्ज बघायचा झाला की तो टॉवेलाचा आपल्या बाजूचा कोपरा उचली.

टोकावड्याहून परतताना धसईच्या फाट्याजवळ त्याने कोपरा उचलला आणि तोंड वाकडं केलं.

"सहा टक्के."

"अगोबाई!" जमेल तेवढा घाबरा चेहरा शीतलने केला.

"मुरबाडसुद्धा गाठायची नाय. जवळ कुठं चार्जर हाय?"

"धसईलाच हाय," ती हळूच म्हणाली. "आमच्या गिरणीत."

सुनिलने टॉवेलाचा कोपरा पुन्हा सारखा केला. मग "आता इलाज नाय," म्हणत त्याने गाडी वळवली.

धनेश गिरणीच्या दारातच उभा होता. सुनिल गाडीकडे बघत म्हणाला, "चार्जिंग करायचंय."

धनेश जमिनीकडे बघत म्हणाला, "लाइट नाय. सकाळधरनं गेलीय. कवा येल, सांगता येत नाय."

शीतलला वाटलं, आता हा टेम्पो बोलावून गाडी ओढत नेणार! पण सुनिल चपला काढत होता. "येऊ दे सावकाश," तो म्हणाला.

शीतलची आई, अंबूबाई, लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुनिल पाणी प्यायला. मग पानावर बसला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं त्याने मागून मागून खाल्लं. धनेश दोनदा उठला, दोनदा नुसताच बसला. मग आत गेला आणि घडी घातलेला टॉवेल नि टोपी घेऊन आला.

"दाजी, ही हिरीच्या लग्नातलीच हाय. तुमच्या नावची. तवा द्यायची राहिली, मंग द्यायला तोंड नव्हतं."

"माझं तरी कुठं होतं रे यायला," सुनिल म्हणाला आणि त्याने डोकं पुढे केलं.

धनेशने टोपी घातली. अंबूबाईने डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात झोळीतली पोर रडू लागली, तसा सुनिल तिला म्हणाला, "आत्याला सांग, चांगलंसं नाव शोध. बारशाला आमी दोघंबी येतो."

शीतलला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांत इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं.

"डिकीत पेढ्यांचा दुसरा पुडा हाय, तो आण," सुनिल म्हणाला.

लाइट अजून आली नव्हती. गाडीला लावलेल्या चार्जरचा दिवा विझलेलाच होता. शीतलने पुडा काढला आणि पर्स घ्यायला पुढचं दार उघडलं, तसा टॉवेलखाली उजेड झाला. तिला कालच्या बटणाची आठवण होऊन लाज वाटली. बिचाऱ्याला उगाच घोर लावला आपण! सहाचे पाच तर झाले नाहीत ना, म्हणून तिने टॉवेलाचा कोपरा उचलला.

एकाहत्तर टक्के.