आभाळखोलीचे सांधे

घुमटातला एक दगड बोटभर खाली सरकला होता. तिने शिडीवर चढून सांध्यात नख घातलं. चुना भुसभुशीत होऊन हातात आला.

"नऊ हिवाळे काही झालं नाही," ती म्हणाली, "आणि आत्ताच काय धाड भरली?"

खाली वनरक्षक शिडी धरून उभा होता.

डोंगरातल्या या जंगलात तिने आभाळ बघायच्या तीन जागा केल्या होत्या. दोन उंच झाडांमध्ये टांगलेली लाकडी खाट, ओढ्याकाठचा काळ्या पाण्याचा हौद आणि ही गोल दगडी खोली. आत बाकावर पाठ टेकायची आणि छताच्या भोकातून ताटाएवढं आभाळ बघत पडायचं. लोक लांबून यायचे. शिल्पकार म्हणून तिचं नाव झालं ते या खोलीमुळेच. ती स्वतः मात्र उद्घाटनानंतर इकडे फिरकली नव्हती.

बाबा तर उद्घाटनालाही आले नव्हते. बाबा गवंडी. दगड बसवायला तिला त्यांनीच शिकवलं, पण खोलीचा नकाशा दाखवला तेव्हा म्हणाले, "छताला भोक पाडायला गवंडी कशाला हवा?"

तिने कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. पुढे आमंत्रण पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. मग तिनेही अबोला धरला.

या हिवाळ्यात भावाचे तीन फोन आले. "बाबांनी अंथरूण धरलंय. येऊन जा गं."

"प्रदर्शन उरकलं की येते," ती दर वेळी म्हणाली.

प्रदर्शन उरकायच्या चार दिवस आधी बाबा गेले.

ती शिडीवरून उतरली आणि बाकावर बसली. भिंतीवरचा उन्हाचा गोल हळूहळू सरकत होता.

"एकदा तरी येऊन बघायचं होतं त्यांनी," ती पुटपुटली. मग जरा वेळाने, "मी तरी कुठे गेले म्हणा."

वनरक्षकाने घसा खाकरला. "ताई, यंदा चुना तुम्हीच भरणार का?"

"मग दुसरं कोण?"

"नाही, थंडी ओसरली की दरवर्षी तुम्ही त्या म्हाताऱ्या गवंडीकाकांना पाठवता ना. पिशवीत थापी घेऊन यायचे. चार दिवस राहून सगळे सांधे भरायचे, आणि शेवटच्या दिवशी दुपारभर इथे बाकावर उताणे पडून असायचे. यंदा खूप वाट बघितली."

"मी कधीच कुणाला पाठवलं नाही."

वनरक्षक गोंधळला. "असं कसं, ताई? मला तर दर वेळी बजावून जायचे, 'पोरीनं काम झकास केलंय, फक्त चुना घाईत कालवलाय. तिला सांगू नका, हिरमुसेल.'"