चोंबड्याचा आवाज

“तुम्ही हो म्हणालात तर गेमच्या नव्या भागातही चोंबड्या राहील, ताई. नाहीतर पहिल्याच लढाईत त्याला मारावं लागेल,” दिग्दर्शक म्हणाला.

तिच्या हातातली कात्री थांबली. मांडीवर गिऱ्हाइकाचा कोट अर्धा उसवून पडला होता.

चोंबड्या म्हणजे मारामारीच्या त्या व्हिडिओ गेममधला नायकाचा साथीदार. नायक भिंती फोडायचा आणि हा मागून टोमणे मारायचा. खेळणारी पोरं नायकाचं नाव विसरत, पण चोंबड्याची वाक्यं त्यांना तोंडपाठ. त्याला आवाज दिला होता तिच्या बाबांनी. निम्म्या कोट्या तर त्यांनी ऐन वेळी पदरच्याच घातलेल्या.

आता बाबा आतल्या खोलीत पडून होते. झटक्याने डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. प्रयत्न केला तर बोलतील, असं डॉक्टर म्हणत. उच्चार शिकवायला एक बाई येत. “आ म्हणा, काका. आता ई म्हणा.” भरल्या सभागृहाला हसवणारा तो माणूस ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवी.

“काकांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर हुबेहूब आवाज बनवतो,” दिग्दर्शक सांगत होता. “नवी वाक्यंसुद्धा बोलतो.”

“माणूस जिवंत असताना?”

“म्हणून तर विचारायला आलो. ही कच्ची प्रत ठेवून जातो. आधी खेळून बघा, मग सांगा.”

तो गेला. तिच्या मनाला काही ते पटेना. पण आवाज बाबांचा, तर निवाडाही त्यांचाच. तिने त्यांच्या पलंगासमोर खेळ लावला, रिमोट त्यांच्या चांगल्या हातात दिला आणि बाहेर येऊन कोट मशीनवर घेतला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

आतून धडाधड गोळ्यांचे आवाज येऊ लागले. मग थोडी शांतता. आणि मग,

“गोळ्या... संपल्या? मग शिव्या घाल. त्या... फुकट असतात!”

तिचा पाय मशीनच्या पेडलवरच थबकला.

आवाज घोगरा होता, शब्द मध्येच तुटत होते. पण शेवटच्या शब्दाआधी घेतलेला तो दम, तो खवचटपणा अगदी बाबांचा.

“हळू पळ, शूरवीरा! तुझ्यामागे माझं... पोटही येतंय!”

ती खुदकन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. रडताना बाबांनी बघायला नको म्हणून ती जागची उठली नाही. किती दिवसांनी घरात हा आवाज घुमत होता! यंत्राचा तर यंत्राचा. आणि बाबांनी खेळ बंद केला नव्हता, म्हणजे त्यांचाही होकारच. तिने डोळे पुसले आणि दिग्दर्शकाला फोन लावला.

“आमची हरकत नाही. आवाज जरा अडखळतो, तेवढं नीट करा. पण ती लकब! कमाल केलीत तुम्ही.”

“कुठला आवाज, ताई?”

“चोंबड्याचा. आत सुरूच आहे, ऐका की.”

तिने फोन दाराकडे धरला. आत चोंबड्या नायकाची यथेच्छ खरडपट्टी काढत होता. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्या होकाराआधी आम्ही आवाज घालू कसे? त्या प्रतीत चोंबड्याची वाक्यं नुसती पडद्यावर खाली लिहून येतात.”