ऐकून घेणारे डॉक्टर

पेशंटशी कसं वागावं याच्या प्रशिक्षणातून परतताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पक्की ठरवली होती: पेशंट सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिल्याच पेशंट म्हणून नेहमीच्या आजी आल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यापासून सुरू झाल्या आणि थेट सुनेच्या माहेरापर्यंत पोचल्या. एरवी त्यांना दुसऱ्याच वाक्याला गप्प करणारे डॉक्टर तोंडाला कुलूप लावून, मान डोलवत ऐकत राहिले. आपल्याला हे जमतंय, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. इतक्यात आजी बोलता बोलता थांबल्या, त्यांनी डॉक्टरांकडे निरखून पाहिलं आणि औषध न घेताच लगबगीनं बाहेर गेल्या.



बाकावरच्या पेशंटना त्या सांगत होत्या, "अहो, उठा सगळे, घरी जा! डॉक्टरांनाच आज बरं नाहीये. एकदासुद्धा खेकसले नाहीत माझ्यावर!"